नळजोडणीचे पैसे एकदाच येतात, मग शहराने ते कशावर खर्च करायचे?

आमच्या सोसायटीत ६० फ्लॅट आहेत आणि काही वर्षांपूर्वी एकाच वर्षात ७ फ्लॅट विकले गेले. महापालिका हद्दीतल्या सोसायटीला फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना जास्तीत जास्त २५,००० रुपये ट्रान्सफर प्रीमियम घेता येतो, तो आम्ही पूर्ण घेतो, त्यामुळे त्या वर्षी १ लाख ७५ हजार जादाचे जमा झाले. एजीएममध्ये (वार्षिक सभेत) कुणीतरी म्हणालं की एवढे पैसे आलेत तर मेंटेनन्स महिन्याला २०० रुपयांनी कमी करूया, सगळ्यांचे हात वर, ठराव पास. ६० घरं गुणिले २०० गुणिले १२ महिने, १ लाख ४४ हजार, गणित आरामात बसत होतं. पुढच्या वर्षी एकच फ्लॅट विकला गेला, आले २५ हजार, आणि त्याच उन्हाळ्यात खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारी मोटर जळाली. मेंटेनन्स परत २०० ने वाढवायचा विषय निघाला तेव्हा जी भांडणं झाली त्यात दोन घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं ते आजही बंदच आहे.

हे सांगायचं कारण असं की महापालिकेकडे येणारे नळजोडणीचे, ड्रेनेज जोडणीचे आणि नव्या बांधकामाच्या विकास शुल्काचे पैसे नेमके याच जातीचे असतात. एकदाच येतात. ज्या वर्षी बिल्डिंगा जास्त उभ्या राहतात त्या वर्षी भरपूर येतात, बाजार थंडावला की आटतात. पाणीपट्टी दरवर्षी येते, मिळकतकर दरवर्षी येतो, पण एका घराला नळ एकदाच जोडला जातो. आणि तो जोडला की त्या घराला पुढची ३०-४० वर्षं रोज पाणी द्यायची जबाबदारी मात्र शहराची. पैसे एकदा, काम रोज. सगळा पेच इथेच आहे.

आता हे पैसे नक्की कशाचे असतात ते आधी बघू, कारण ते कळलं की ते कुठे जायला पाहिजेत हे अर्धं आपोआप कळतं.

तुमच्या गल्लीत नवीन नळकनेक्शन देताना कधी थांबून बघा. लायसनवाला प्लंबर असतो, दोन मजूर रस्ता खणतात, खाली मेन लाइन लागते, तिच्यावर सॅडल (पाइपला बसणारा पट्टा) बसवून भोक पाडतात, फेरूल (जोडाची छोटी तोटी) बसवतात, तिथून अर्धा इंची किंवा पाऊण इंची पाइप मीटरपर्यंत आणतात, मग माती लोटतात आणि वर डांबराचा पॅच मारतात (मारला तर). या सगळ्याचा खर्च अर्जदार भरतो, त्यात रस्ता खोदाईचे पैसे येतात, मीटरचे येतात, तपासणीचे येतात. हा झाला पहिला भाग. यात वाद काही नाही, काम केलं त्याचे पैसे घेतले, ते त्याच कामावर गेले, विषय संपला.

पण तो अर्धा इंची पाइप ज्या मेन लाइनला जोडला ती कुणाच्या पैशाने टाकली? ती मेन लाइन ज्या उंच टाकीतून येते ती टाकी, टाकीपर्यंत पाणी ढकलणारे पंप, त्याच्या मागचं शुद्धीकरण केंद्र, त्याच्याही मागे धरणाजवळची जॅकवेल (धरणातलं पाणी उपसायची विहीर), हे सगळं आधीच्या लोकांनी पाणीपट्टीतून, करातून, कर्ज काढून उभं केलेलं असतं. नवीन माणूस जोडला गेला की तो त्या सगळ्या साखळीतली थोडी थोडी जागा वापरायला लागतो. दुसरा भाग त्या जागेचा, आणि खरे मोठे पैसे इथे असतात.

आकड्यात सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा केंद्र सरकारचा निकष आहे. चार माणसांचं घर धरलं तर ५४० लिटर. १०० फ्लॅटची एक बिल्डिंग म्हणजे दिवसाला ५४,००० लिटर, आणि त्यातलं साधारण ८० टक्के ड्रेनेजमध्ये परत येतं, म्हणजे ४३,२०० लिटर मैलापाणी. आता समजा २० लाख लिटरची एक टाकी बांधायला ४ कोटी लागतात (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय) आणि ती रोज एकदा भरते. २० लाखाला ५४० ने भागा, साधारण ३,७०० घरं. ४ कोटीला ३,७०० ने भागा, घरटी १०,८०० रुपयांच्या आसपास. असंच पंपांचं करा, शुद्धीकरण केंद्राचं करा, मैलापाणी केंद्राचं करा, बेरीज करा, की एक नवं घर शहराच्या यंत्रणेतली किती रुपयांची जागा खातं ते कळतं. जोडणी शुल्क या हिशोबावर बेतलेलं पाहिजे. कित्येक ठिकाणी ते वर्षानुवर्षं चालत आलेल्या दरपत्रकावर बेतलेलं असतं, मग वाद घालायला काही आधारच राहत नाही.

महाराष्ट्रात हे पैसे वेगवेगळ्या नावांनी येतात. नळाचं आणि ड्रेनेजचं शुल्क जोडणीच्या वेळी येतं, ते तसं लहान असतं. मोठी रक्कम येते बांधकाम परवानगीच्या वेळी, विकास शुल्क म्हणून. ते १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९९२ साली घातलं गेलं. कायदा असंही सांगतो की या पैशाचा वेगळा विकास निधी ठेवायचा आणि तो सार्वजनिक सुविधांसाठी, त्या भागाच्या देखभाल-सुधारणेसाठी वापरायचा. पुढे मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी मोठ्या शहरांत या शुल्कावर अधिभारही आला. त्याशिवाय जादा एफएसआयचे, म्हणजे प्लॉटवर जास्तीचं बांधकाम करू द्यायचे, प्रीमियम असतात. फ्लॅट घेणारा माणूस यातल्या मोठ्या रकमा थेट भरत नाही, बिल्डर भरतो, आणि फ्लॅटच्या किमतीत ते आपल्याकडून घेतो. म्हणजे भरणारे शेवटी आपणच.

मग पैसे आले. आता काय करायचं? मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचा पर्याय तोच आहे जो आमच्या सोसायटीने निवडला होता, रोजच्या खर्चात ओतायचे. शहराच्या भाषेत याला महसुली खर्च म्हणतात, पगार, पंपांचं वीजबिल, क्लोरिन, टँकर, दुरुस्ती. या वर्षी बांधकाम परवानग्यांचे पैसे भरपूर आले म्हणून पाणीपट्टी वाढवायची गरज नाही असं ठरतं, ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटतं, नगरसेवकाला तर फारच बरं वाटतं. पण पाण्याचं वीजबिल दरवर्षी येणार आहे आणि जादाचे पैसे या वर्षीच आलेत.

याचं अलीकडचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, राज्य सरकारने बांधकामाच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली, मुदत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. मुदत संपायच्या आत पैसे भरायला बिल्डरांची रांग लागली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जे प्रकल्प आले असते त्यातले कितीतरी त्या एका वर्षात येऊन गेले. अशा वर्षाचा आकडा बघून पुढच्या वर्षाचं बजेट आखणं म्हणजे पहिल्या सरीला नदीला आलेला लोंढा बघून वर्षभराच्या शेताच्या पाण्याच्या पाळ्या लावणं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराची गोष्ट तर सगळ्या पालिका अधिकाऱ्यांना वाचायला द्यावी अशी आहे. २००० नंतर तिथे घरबांधणीची प्रचंड लाट होती, नव्या घरांकडून सार्वजनिक सुविधांचं शुल्क धो धो येत होतं. ही आवक अशीच राहणार असं धरून शहराने त्या शुल्काच्या भरवशावर कर्जरोखे काढले. मग घरांचा बाजार कोसळला, नवीन परवानग्या जवळपास थांबल्या, शुल्क आटलं, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. जून २०१२ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं बरीच होती, निवृत्त कर्मचाऱ्यांचा आरोग्यखर्च होता, पेन्शन होती, पण एकदाच येणाऱ्या पैशाला कायमचा समजणं हे त्यातलं एक ठळक कारण होतं.

बरं मग सगळे पैसे एफडीत ठेवून द्यायचे का? गंगाजळी असावी, नक्की असावी, पण नळजोडणीचे पैसे नुसते बँकेत ठेवणं हे ज्याने भरले त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्याने टाकीतल्या जागेचे पैसे भरलेत, आणि टाकी बांधलेलीच नाही. पाइप, सिमेंट, लोखंड यांचे भाव वाढत राहतात, एफडीचं व्याज त्याला पुरं पडतंच असं नाही, शिवाय मधल्या काळात तो माणूस टँकरचे पैसे वेगळे भरत असतो. टँकरवर जगणं म्हणजे काय ते मला चांगलं माहितीये. सकाळी साडेसहाला वॉचमनचा फोन येतो की टँकर आलाय, झाकण उघडायला या. खाली जाऊन लोखंडी झाकण उचलायचं, पाइप आत सोडायचा, आणि पाण्याला वास नाही ना हे आपणच हुंगून बघायचं, दुसरी तपासणी काही नाही.

पुण्याच्या कडेला हा प्रश्न किती खोल गेलाय बघा. २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. एका रात्रीत क्षेत्रफळ वाढलं, लाखो माणसं हद्दीत आली, टाक्या आणि पाइप काही त्या रात्रीत आले नाहीत. कित्येक बिल्डिंगांना परवानगी देतानाच बिल्डरकडून लिहून घेतलं गेलं की पालिकेची लाइन येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. शुल्क भरलेलं, हमीपत्र दिलेलं, आणि फ्लॅटधारक टँकरवर. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) पेशंट अचानक वाढले तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिथल्या पाण्याकडे गेलं, आणि कळलं की तिथल्या काही समाविष्ट गावांना शुद्धीकरण केंद्रातलं नाही तर विहिरीतलं पाणी नुसतं क्लोरिन टाकून दिलं जात होतं. एकदाच येणाऱ्या पैशाचा प्रश्न असा शेवटी माणसाच्या ग्लासात येऊन पडतो.

म्हणून माझं मत सरळ आहे, जोडणीचे पैसे जोडल्या जाणाऱ्या घरांसाठी लागणारी क्षमता उभारण्यावर जावेत. नवीन टाकी, नवीन मोठी लाइन, शुद्धीकरण केंद्राची वाढ, मैलापाणी केंद्र. पण हे बोलायला सोपं आहे, करताना तीन अडचणी येतात आणि त्या खऱ्या आहेत.

एक तर वेळ. पैसे थेंब थेंब येतात आणि टाकी एकदम बांधावी लागते, अर्धी टाकी बांधून चालत नाही. मग एकतर निधी साठेपर्यंत थांबायचं नाहीतर आधी कर्ज काढून बांधायचं आणि येणाऱ्या शुल्कातून फेडायचं. दुसरा मार्ग मला बरा वाटतो, अट एवढीच की कर्जाचा हप्ता मंदीच्या वर्षीही झेपेल इतकाच असावा, आणि काम सुरू व्हायच्या स्थितीत असल्याशिवाय कर्ज उचलू नये. पुणे पालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, १० वर्षांसाठी, ७.५९ टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख नुसतं व्याज. आणि त्याच सुमारास योजनेच्या निविदा रद्द होऊन नव्याने काढायची वेळ आली. पैसे हातात, काम जागेवर, व्याजाचं मीटर चालू. कर्ज काढलं याला माझी हरकत नाही, क्रम चुकला याला आहे.

दुसरी अडचण, पैसे नव्यांचे की जुन्यांचे? पेठेतला माणूस म्हणू शकतो की आम्ही ५० वर्षं पाणीपट्टी भरून ही यंत्रणा उभी केली, नवा माणूस आमच्या लाइनीवर जोडला जातोय, त्याच्या पैशातून आमची गंजलेली बिडाची लाइन का बदलू नये? यात तथ्य आहे. जिथे नवं घर जुन्या यंत्रणेतली शिल्लक जागा वापरतंय तिथे त्याचं शुल्क हे एक प्रकारे भागीदारी विकत घेणं आहे, ते जुन्या कामाचं कर्ज फेडायला किंवा जुनी लाइन बदलायला गेलं तर चुकीचं नाही. जिथे नव्या घरांसाठी नवीच यंत्रणा लागणार आहे तिथे मात्र एक पैसाही दुसरीकडे जाऊ नये. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या कायद्यात हे दोन भाग स्पष्ट वेगळे केलेत, आधीच बांधलेल्या क्षमतेची भरपाई वेगळी आणि पुढे बांधायच्या क्षमतेचं शुल्क वेगळं, दोन्हींच्या वापराचे नियमही वेगळे. आपल्याकडे पावतीवर एवढी फोड जरी आली तरी निम्मे वाद मिटतील.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे हा वाद झालेला आहे बरं का. नव्या ग्राहकाकडून सर्व्हिस लाइन चार्जेस, म्हणजे त्याच्यापर्यंत वीज आणायच्या जाळ्याचे पैसे, घेतले जायचे. राज्य वीज नियामक आयोगाने ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं की सगळ्यांच्या उपयोगाच्या जाळ्याचा खर्च सगळ्यांच्या वीजदरातून वसूल करा, फक्त एकाच ग्राहकासाठी स्वतंत्र सोय उभारली असेल तर तिचा खर्च त्याच्याकडून घ्या. घेतलेल्या पैशांच्या परताव्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये वीज कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. म्हणजे विजेत उत्तर वेगळं निघालं. पाण्यात तसंच करावं असं काही जण म्हणतात, पण वीजदर आयोगासमोर खर्च मांडून ठरतो तशी पाणीपट्टी ठरत नाही, ती मतांकडे बघून ठरते. पाणीपट्टी खर्चाच्या मागे असेल तर नव्या जाळ्याचा पैसा तिच्यातून कधीच निघणार नाही.

तिसरी अडचण बहुतेक लोक विसरतात. टाकी बांधली की दरवर्षीचा खर्च वाढतो. वॉल्व्हमन लागतो, वीज लागते, पंप साधारण १५ वर्षांत बदलावे लागतात, पाइप ३० वर्षांच्या हिशोबाने टाकलेले असतात. जोडणी शुल्कातून टाकी झाली, पण तिला चालवायचा पैसा पाणीपट्टीत नसेल तर ती टाकी उभी राहते, रंगवली जाते, तिच्यावर नाव येतं आणि पाणी येत नाही. आणि धरणातला कोटाच वाढला नसेल तर मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत एक कागद असायलाच पाहिजे, याचा वर्षाचा खर्च किती आणि तो बजेटच्या कुठल्या शीर्षातून.

आणि गरीब घरांचं काय? वस्तीतल्या कुटुंबाला १०-१२ हजार एकरकमी भरा म्हटलं तर ते जोडणी घेणारच नाही, शेजारून पाइप ओढेल किंवा सार्वजनिक नळावर रांगेत उभं राहील, आणि शहराची पाणीपट्टीही जाईल. मला वाटतं अशा घरांना शुल्क अगदी कमी ठेवून हप्त्याने घ्यावं आणि फरक पालिकेने आपल्या सर्वसाधारण निधीतून भरावा, उघडपणे, किती भरला ते लिहून. बाकीच्या अर्जदारांच्या शुल्कात गुपचूप मिसळू नये.

हिशोब उघडा ठेवायचा म्हणजे कसा, याला कॅलिफोर्नियाचा कायदा चांगला नमुना आहे. पाणी-ड्रेनेजच्या क्षमता शुल्काचे पैसे वेगळ्या निधीत, इतर पैशात मिसळायचे नाहीत, त्यावरचं व्याजही त्याच निधीत, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत लोकांसमोर मांडायचं, किती आले, कुठल्या कामावर किती गेले, किती उरले. नव्या बांधकामाकडून घेतल्या जाणाऱ्या इतर विकास शुल्कांना तर पाच वर्षांची अट आहे, पडून राहिलेले पैसे कशासाठी लागणार आहेत ते दाखवा, नाही दाखवता आलं तर परत करा. आपल्याकडे मुंबई पालिकेत पाणी आणि मलनिस्सारणाचं बजेटच वेगळं असतं, अर्थसंकल्प 'ग', म्हणजे वेगळं ठेवणं आपल्याला अशक्य आहे असं अजिबात नाही.

तुमच्या शहरात काय चाललंय ते बघायचं असेल तर बजेटचं पुस्तक पालिकेच्या साइटवर मिळतं. जमा बाजूला विकास शुल्क, नळजोड शुल्क, ड्रेनेज जोड शुल्क शोधा, तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, चढउतार लगेच दिसेल. मग खर्च बाजूला भांडवली कामांत पाणी आणि ड्रेनेजला प्रत्यक्ष किती खर्च झाला ते बघा, तरतूद नाही, प्रत्यक्ष खर्च, हे दोन आकडे फार वेगळे असतात. विकास निधीचं खातं वेगळं आहे का आणि ३१ मार्चला त्यात किती शिल्लक होती हे पुस्तकात सापडलं नाही तर माहिती अधिकारात विचारा, अर्जाला १० रुपये लागतात. आणि जानेवारी ते मार्चमध्ये स्थायी समितीसमोर येणारे वर्गीकरणाचे प्रस्ताव जरूर वाचा. वर्गीकरण म्हणजे एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणं. 'टाकीचं काम या वर्षी होणार नसल्याने' अशी सुरुवात असते आणि शेवटी पैसे कमानीला, फरशांना, बाकड्यांना गेलेले असतात, दोन ओळींचा ठराव, कुणी बघत नाही.

आमच्या सोसायटीने पुढच्या एजीएममध्ये ठराव बदलला. ट्रान्सफर प्रीमियम आता थेट सिंकिंग फंडाच्या (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीच्या) एफडीला जोडला जातो, आणि मेंटेनन्स किती हे वीजबिल, वॉचमन, लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) यांची बेरीज करूनच ठरतं. मागच्या महिन्यात दोन फ्लॅट विकले गेले, ५० हजार आले, आणि एका नव्या मेंबरने परत विचारलंच, मग मेंटेनन्स कमी होणार का? मी त्याला जळालेल्या मोटरच्या बिलाची झेरॉक्स दाखवली.